गिराण कोणाचे सुटले?



"दे दान, सुटे गिराण!" ही आरोळी आपल्यातील वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. तरुणांनी ती आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. सूर्याला किंवा चंद्राला ग्रहण लागले की गावकुसाबाहेरचे महार-मांग टोपली आणि फडके घेऊन गावात जात आणि दारोदार ही आरोळी देत. एरवी ज्यांना गावात पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा लागे, त्यांची त्या दिवशी गावाला गरज भासे. कोणी सूपभर धान्य घाली, कोणी जुनेर टाकी, कोणी फाटके धोतर, कोणी तांब्याचा पैसा. देणारा अंग चोरून देई आणि घेणारा पदर पसरून घेई. देणाऱ्याला वाटे, आपले ग्रहण सुटले.

वाचकहो, देणाऱ्याचे ग्रहण सुटले असे क्षणभर धरून चालू. मग ते गेले कोठे? ज्याच्या पदरात ते जुनेर पडले त्याच्या घरी गेले! दान या गोड नावाखाली गावाने आपली इडापिडा आपल्या बापजाद्यांच्या अंगावर झाडली. म्हणूनच हा प्रश्न विचारावासा वाटतो की, गिराण कोणाचे सुटले, आणि कोणाला लागले?

हे दान आपल्यालाच का दिले जाई, याचा विचार केला पाहिजे. त्यामागे एक कथा आहे. देव आणि असुर यांनी मिळून समुद्रमंथन केले. दोर दोघांनी ओढला, घाम दोघांनी गाळला. पण अमृत निघाले तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले आणि ते फक्त देवांच्या पंगतीत वाढले. एक असुर वेष बदलून देवांच्या पंगतीत जाऊन बसला. सूर्य आणि चंद्र यांनी त्याची चहाडी केली. विष्णूने चक्राने त्याचे मुंडके उडवले. मुंडके राहू झाले, धड केतू झाले, आणि चहाडीचा सूड म्हणून राहू अधूनमधून सूर्य-चंद्राला गिळतो, अशी ही कथा.

या राहूचा गुन्हा कोणता? त्याने चोरी केली नाही, खून केला नाही. ज्या अमृतासाठी तोही राबला होता, ते पिण्यासाठी तो पंगतीत बसला, एवढाच त्याचा गुन्हा. श्रमाला बरोबरी आणि पंगतीला बंदी! ही कथा आपल्या ओळखीची वाटत नाही काय? २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांची डोकी फोडली गेली, तीही याच गुन्ह्यासाठी. राहू-केतू हे मांगाच्या जातीचे, म्हणून मांगाला दान दिले की राहू संतुष्ट होतो आणि सूर्याला सोडतो, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आली. याचा अर्थ स्पष्ट आहे. आकाशातील अस्पृश्याला शांत करण्यासाठी जमिनीवरच्या अस्पृश्याला जुनेर!

सावलीची भीती

आता ग्रहण म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. अमावास्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये सरळ रेषेत आला की चंद्राची सावली पृथ्वीवर पडते. हे सूर्यग्रहण. पौर्णिमेला पृथ्वी मध्ये आली की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. हे चंद्रग्रहण. मग दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा सावली वरून किंवा खालून निघून जाते. या दोन कक्षा एकमेकींना ज्या दोन ठिकाणी छेदतात, त्यांच्याजवळ अमावास्या किंवा पौर्णिमा घडली तरच ग्रहण होते. ज्योतिर्गणितात या दोन छेदबिंदूंना राहू आणि केतू म्हणतात. त्यांना तोंड नाही, पोट नाही, जात तर नाहीच नाही.

म्हणजे ग्रहण ही एक सावली आहे. सूर्यग्रहणात चंद्राची, चंद्रग्रहणात पृथ्वीची. आणि या सावलीचा विटाळ मानला जातो! सूर्यग्रहणाच्या आधी चार प्रहर आणि चंद्रग्रहणाच्या आधी तीन प्रहर वेध धरायचे. शिजलेले अन्न टाकून द्यायचे. पाण्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीपत्र किंवा दर्भ टाकायचा. देवळाची दारे लावायची. स्पर्श झाला की स्नान, मोक्ष झाला की पुन्हा स्नान. भाषा तरी पाहा: स्पर्श, विटाळ, सोवळे, शुद्धी. हे शब्द आपण कोठे ऐकले आहेत?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात लिहिले आहे की, पेशवाईत सवर्ण माणूस येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याची बंदी होती, कारण त्याच्या सावलीने विटाळ होई. सावलीला विटाळ असतो असे एकदा मनावर बिंबले की ती सावली चंद्राची आहे की माणसाची, हा प्रश्न उरत नाही. ज्या मनाने आकाशातल्या सावलीला भिऊन अन्न टाकले, त्याच मनाने आपल्या सावलीला भिऊन आपल्याला रस्त्यावरून हाकलले. ग्रहणाचे सोवळे आणि अस्पृश्यता ही दोन निरनिराळी झाडे नाहीत. एकाच मुळावर फुटलेल्या त्या दोन फांद्या आहेत. म्हणून ग्रहण पाळणे ही निरुपद्रवी रूढी आहे, थोडा वेळ पाळली तर काय बिघडले, असे निदान आपण तरी म्हणू नये.

खरे ठाऊक होते

कोणी म्हणेल, जुन्या काळी लोकांना विज्ञान ठाऊक नव्हते, त्यांना दोष कशाला द्यावा? हे अर्धेच खरे आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने 'आर्यभटीय' लिहिले. त्यात चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे स्वच्छ सांगितले आहे. त्यानंतर इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपला सिद्धान्तग्रंथ लिहिला. तो थोर गणिती होता. सावलीचे गणित त्यालाही उत्तम येत होते. तरीही राहू नाही असे म्हणणाऱ्यांवर त्याने टीका केली. त्याचा एक युक्तिवाद असा की, राहू नसेल तर ग्रहणकाळी केली जाणारी सारी कर्मे भ्रामक ठरतील आणि त्यांचे पुण्य मिळणार नाही! इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आणि खरे ठाऊक असून ब्रह्मगुप्त असे का लिहितो, असा रोखठोक जाबही विचारला.

वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. ज्ञानाची उणीव नव्हती. सत्य सांगितले तर कर्मकांड बुडेल, आणि कर्मकांड बुडाले तर दक्षिणा बुडेल, ही खरी अडचण होती. आजही पंचांगात ग्रहणाचा स्पर्श किती वाजून किती मिनिटांनी, मोक्ष किती वाजून किती मिनिटांनी, हे आधीच छापून येते. राहू रागाने गिळत असेल तर त्याचा राग घड्याळ लावून येतो काय? ज्या पानावर वेळ गणिताने दिलेली असते, त्याच पानावर कोणत्या राशीला शुभ आणि कोणत्या राशीला अशुभ हेही दिलेले असते. पहिली गोष्ट ज्ञान आहे, दुसरी धंदा आहे.

आपल्याच महाराष्ट्रात २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण दिसले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन आले होते. पुण्याहून प्रा. कावसजी दादाभाई नाएगमवाला आपली उपकरणे घेऊन आले होते. सूर्य झाकला जाताच त्याच्याभोवती जे तेजोवलय दिसते त्याचा त्यांनी अभ्यास केला. सावली तीच होती. एकाने तिच्याकडे डोळे उघडून पाहिले आणि ज्ञान मिळवले. दुसऱ्याने दार लावून घेतले आणि अन्न फेकून दिले.

तथागतांनी काय सांगितले?

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्धांनी उपजीविकेच्या हीन मार्गांची मोठी यादी दिली आहे. श्रद्धावान लोकांनी दिलेले अन्न खाऊन काही श्रमण-ब्राह्मण चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, त्याचे फळ असे असे मिळेल, अशी भाकिते सांगून पोट भरतात. या विद्येला तथागतांनी तिरच्छान विज्जा म्हटले आणि भिक्खूंना तिच्यापासून दूर ठेवले. आकाशाचे गणित करण्याला त्यांचा विरोध नव्हता. माणसाच्या भीतीवर पोट भरण्याला विरोध होता.

यावर कोणी जाणकार उपासक शंका काढील की, संयुत्त निकायात चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त आहे आणि त्यात राहू आहे. त्याचे काय? शंका रास्त आहे, ती दडपण्याचे कारण नाही. त्या सुत्तात राहूने धरलेला चंद्र बुद्धाला शरण जातो, बुद्ध राहूला त्याला सोडण्यास सांगतात आणि राहू सोडतो, असे वर्णन आहे. जुन्या काळच्या लोकसमजुतीच्या भाषेत ते सांगितलेले आहे. पण त्यात काय नाही तेही पाहा. त्यात स्नान नाही, सोवळे नाही, दक्षिणा नाही, कोणाच्या पदरात टाकलेले जुनेर नाही. भ्यालेल्याने शरण जावे आणि निर्भय व्हावे, एवढाच त्याचा आशय आहे. राहू खरोखर आहे असे मात्र त्यावरून आपण मानायचे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आपल्या हाती कसोटी दिली आहे. जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत असेल तेच बुद्धवचन मानावे, आणि जे माणसाच्या कल्याणाशी संबंधित नाही ते बुद्धाच्या नावावर घालू नये. ही कसोटी आपण दुसऱ्याच्या पोथीला लावतो, तशी आपल्या पोथीलाही लावली पाहिजे. नाहीतर आपली सम्यक दृष्टी शेजाऱ्याचे घर पाहण्यापुरतीच उरेल.

ग्रहणाच्या स्नानाचे उत्तर तर एका दासीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी पुण्णा ही दासी. थेरीगाथेत तिची कथा आहे. भर थंडीत नदीत उतरून कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, पाण्याने पाप धुतले जात असते तर बेडूक, कासव, मगरी सगळेच स्वर्गाला गेले नसते काय? आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ काय उरेल? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. जिला कोणी शिकवले नव्हते त्या पाणक्या बाईला जे कळले, ते आज शिकलेल्या माणसाला कळू नये काय?

आपल्या घरात डोकावा

आता दुसऱ्याचे पुरे झाले, आपल्या घरात डोकावू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवाने अवतार घेतला हे आपण नाकारले, म्हणजे मोहिनी गेली. मोहिनी गेली म्हणजे राहूची कथाही गेली. त्याआधीच बाबासाहेबांच्या शिकवणीने आपण मेलेल्या ढोराचे मांस सोडले, उष्टे सोडले, भीक सोडली. ग्रहणाचे दान मागायला आपला माणूस आता जात नाही. ही मोठी क्रांती झाली, तिचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा.

पण दान घेणे सोडले म्हणून ग्रहण सुटले काय? दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा, आणि स्वयंपाकघरात ग्रहणाच्या दिवशी पाण्यात तुळशीपान, असे घर आपल्या वस्तीत नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? "आम्ही मानत नाही हो, पण सून गरोदर आहे, उगीच विषाची परीक्षा कशाला?" हे वाक्य आपल्या कानांवर येत नाही काय?

याच वाक्यात सारे गिराण दडून बसले आहे. त्या सुनेला तासन् तास एका जागी बसवतात. पाणी नाही, अन्न नाही, कूस बदलायची नाही, विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. पंचांगकर्तेसुद्धा लहान मुले, म्हातारी माणसे, आजारी आणि गरोदर बाई यांना वेधात सवलत देतात. पण घरात सर्वांत कडक पाळणूक तिच्याच वाट्याला येते. पोटात जीव असलेल्या बाईला उपाशी, तहानलेली ठेवणे हे कोणत्या शीलात बसते? मंगल सुत्तात माता-पित्यांची सेवा आणि पत्नी-मुलांचा सांभाळ यांना मंगल म्हटले आहे. गर्भवतीला वेळेवर जेवण आणि पाणी देणे हेच त्या दिवसाचे मंगल होय.

आणि मूल ओठ फाटलेले जन्मले की बोट आईकडे! "गिराणात हिने काहीतरी चिरले असणार." किती आयांनी हे ओझे जन्मभर वाहिले असेल! सत्य असे आहे की, गर्भात ओठ जुळण्याचे काम चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते आणि टाळू जुळण्याचे काम नवव्या आठवड्यापर्यंत संपते. पुष्कळदा तोवर बाईला आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेले नसते. सातव्या-आठव्या महिन्यात तिने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ चिरला जाईल कसा? या व्यंगामागे आनुवंशिकता, तंबाखू-धूम्रपान, काही औषधे, फोलिक ॲसिडची कमतरता अशी कारणे असू शकतात. आणि ते शस्त्रक्रियेने दुरुस्त होते. शासनाने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. तेव्हा आईला दोष देण्यात घालवलेला वेळ मुलाला दवाखान्यात नेण्यात घालवावा.

ही भीती किती क्रूर होऊ शकते, ते २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाने दाखवले. कर्नाटकात कलबुर्गी भागात अपंग मुलांना बरे वाटावे म्हणून ग्रहणकाळात गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या आणि छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. त्या आई-बापांचे आपल्या मुलांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? प्रेम होते, प्रज्ञा नव्हती. प्रज्ञेवाचून करुणा अशी आंधळी होते.

पौर्णिमा आपली आहे

एक प्रश्न उपासक नेहमी विचारतात. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते, आणि पौर्णिमा तर आपल्या उपोसथाचा दिवस. मग त्या दिवशी विहारात वंदना घ्यावी की नाही? २८ ऑक्टोबर २०२३ ची आश्विन पौर्णिमा, ७ सप्टेंबर २०२५ ची भाद्रपद पौर्णिमा, या दोन्ही रात्री आपल्याकडे चंद्रग्रहण दिसले आणि अनेक ठिकाणी देवळांची दारे बंद झाली. विहाराचे दार मात्र उघडेच असले पाहिजे. बुद्ध हा मार्गदाता आहे. त्याला विटाळ होत नाही, म्हणून त्याला झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्रिशरण घ्या, पंचशील घ्या, नेहमीप्रमाणे वंदना घ्या, आणि मग सर्वांनी मिळून बाहेर या आणि मुलांना चंद्र दाखवा. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी काहीही अपाय होत नाही. चंद्रावर सरकणाऱ्या सावलीची कड वाटोळी असते, ती मुलांना दाखवा. आपली पृथ्वी गोल आहे याचा तो डोळ्यांदेखत पुरावा आहे.

सूर्यग्रहणाला मात्र काळजी घ्यावी लागते. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा पाण्यातल्या प्रतिबिंबात पाहू नये. त्याने डोळ्याचा पडदा कायमचा जळू शकतो. त्यासाठी खास प्रमाणित चष्मे मिळतात. ते नसतील तर घरातली पिठाची चाळण उन्हात धरा. जमिनीवर तिच्या छिद्राछिद्रातून चंद्रकोरीसारखे शेकडो लहान सूर्य उमटलेले दिसतील. २ ऑगस्ट २०२७ रोजी खंडग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसणार आहे. तोवर अवधी आहे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात त्याची तयारी आतापासून करता येईल. ज्या गरोदर भगिनी असतील त्यांना त्या दिवशी सन्मानाने बोलवा. सर्वांनी मिळून बेत करा, चिरा, शिजवा, आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवा. ग्रहणकाळात एका पंगतीत घेतलेले जेवण हेच राहूच्या कथेला आपले उत्तर ठरेल.

वाचकहो, आपल्या आज्यांनी पसरलेला पदर आपण आवरला. आता मनात उरलेली भीती आवरायची आहे. ते काम दीक्षाभूमीवर एका दिवसात झाले नाही आणि होणारही नव्हते. ते घराघरात, चुलीपाशी, एकेका ग्रहणाला व्हायचे आहे. पुढच्या ग्रहणाला आपल्या घरातील सून निर्धास्तपणे पाणी पिईल, भाजी चिरील, अंगणात येऊन मान वर करून पाहील, त्या दिवशी म्हणा, गिराण सुटले. आणि ते कोणाच्याही पदरात न टाकता सुटले.

सर्वांना सम्यक दृष्टी लाभो. सर्व प्राणी निर्भय होवोत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!